स्टेशनमास्तर

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या बाजूला, आमची तीन मजली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटची वाट बघत उभी आहे. उभी आहे म्हणजे, अजून उभी आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच्या दारात, एक स्टेशनमास्तर राहतो. रेल्वेशी त्याचा संबंध बाकीच्या मुलुंडकरांइतकाच, सकाळी आत घुसण्यापुरता आणि संध्याकाळी बाहेर फेकलं जाण्यापुरता. नोकरी फोर्टात, विम्याच्या कचेरीत. तरी बिल्डिंगमधलं शेंबडं पोरसुद्धा त्याला स्टेशनमास्तर म्हणतं. कारण जिन्यात भेटला आणि ‘काय, कसं काय?’ विचारलं, की तो प्रकृती, पगार, पाऊस यांतलं काहीच सांगत नाही. एक तर ‘लागलं!’ म्हणतो, नाही तर ‘गेलं’. लागतं ते स्टेशन, जातं तेही स्टेशन.

आम्ही दोघं याच बिल्डिंगमध्ये लहानाचे मोठे झालो. त्याच्या हातात पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर आला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. चौथीत असताना त्यानं वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं, परत मिटलं, आणि एक स्क्रू उरला. घड्याळ मात्र टिकटिकत राहिलं. ‘म्हणजे कंपनीनंच एक जास्तीचा घातला होता,’ असा निकाल देऊन त्यानं तो स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. ती बरणी आज गळ्यापर्यंत भरली आहे. काकू, म्हणजे त्याची आई, आल्यागेल्याला ती दाखवतात आणि सांगतात, ‘आमच्या घरातली एकही वस्तू आता पुरी म्हणून नाही.’ बोलण्यात तक्रार असते, पण लिंबाच्या लोणच्यात गूळ असतो तितका अभिमानही असतो.

असा एक गडी प्रत्येक सोसायटीत असतो. ज्या वस्तूला बटण आहे ती हातानं चालवणं त्याला कमीपणाचं वाटतं. हातानं काय, कुणीही दाबेल! मास्तरनं आधी तुळशीला आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं. मंडळी आठ दिवस गावाला गेली, आणि तुळशीनं इतकं पाणी प्यायलं की पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शेवाळ धरलं. मग गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा डोळा बसला. टाकी कोरडी ठणठणीत पडली तरी तो डोळा सगळ्यांच्या मोबाइलवर ‘टाकी भरली आहे’ असं कळवत राहिला. वर जाऊन बघितलं तर डोळ्यापुढे कोळ्यानं जाळं विणलेलं. त्यालाच तो पाणी समजला होता. ‘माझं यंत्र बरोबर आहे,’ मास्तर म्हणाला, ‘कोळी चुकीच्या जागी आहे.’

मग रेडिओ आला.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. ‘ये, एक गंमत दाखवतो.’ या चार शब्दांचा मी धसका घेतलेला आहे. गेलो. टेबलावर एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पाटी पडली होती, वर काळ्या-रुपेरी गोळ्या डकवलेल्या.

‘हा आख्खा कॉम्प्युटर आहे. रास्पबेरी पाय.’

मला इराण्याकडचा लालभडक रासबेरी सोडा आठवला. आतून काकू म्हणाल्या, ‘कुणाच्या पायाला काय झालं?’

‘आई, हा पाय म्हणजे तो पाय नव्हे.’

‘मग रोज रात्री एकपर्यंत पाय धरून बसतोस ते कुणाचे?’

इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी शाळकरी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून हा कॉम्प्युटर काढला. तेव्हा किंमत ३५ डॉलर. पोरांसाठी काढला आणि देशोदेशीच्या त्यांच्या बापांनी तो पळवला. बाजारात आला तो दिवस २९ फेब्रुवारी २०१२. त्यामुळे त्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. २०१६ साली मास्तरनं त्या दिवशी हाफ डे टाकला होता आणि वहिनींनी, कुणाचा वाढदिवस ते न विचारता, शिरा केला होता.

तसे मास्तरच्या कॅलेंडरात आणखी दोन सण आहेत. एक २३ जुलै. १९२७ साली या तारखेला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि बरोबर ५० वर्षांनी, १९७७च्या २३ जुलैला, मद्रासला देशातलं पहिलं एफएम. दुसरा सण ३ ऑक्टोबर, विविध भारतीचा वाढदिवस, साल १९५७. विविध भारतीचं घर बोरिवलीला गोराई रोडवर आहे हे त्याला कळलं त्या रविवारी तो तिथं जाऊन फाटक बघून आला. मधे नॅशनल पार्कचा डोंगर. मुलुंडहून बोरिवलीला जायचं तर एक तर वरून घोडबंदरला वळसा, नाही तर खालून दादरला. घरी आला आणि म्हणाला, ‘आवाज हा डोंगर किती वेळात ओलांडतो माहितेय? मी हिशेब केला. डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. आणि मी? जाताना दोन गाड्या आणि रिक्षा, येताना पुन्हा तेच.’ त्या दिवसापासून रेडिओलहरींबद्दलचा त्याचा आदर वाढला आणि रेल्वेबद्दलचा होता तोही गेला.

तर ती हिरवी पाटी. तिच्या एका कडेला ४० टाचण्या दोन रांगांत उभ्या असतात. त्यातली पहिली ३.३ व्होल्टची, तिसरी डेटाची, पाचवी क्लॉकची, सहावी अर्थिंगची. एक, तीन, पाच, सहा; मास्तर हे अंघोळीनंतरच्या स्तोत्रासारखं पुटपुटतो. या चार टाचण्यांवरून चार वायरी निघतात आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या एका ट्यूनरला भिडतात. नाव टीईए ५७६७. मूळ चिप फिलिप्सची.

तो ट्यूनर आणायला लॅमिंग्टन रोडला मीच बरोबर गेलो होतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलं तर दुकानदारसुद्धा पत्ता सांगू शकणार नाही. मास्तर तिथं पोचला की पंढरीत पोचलेल्या वारकऱ्यासारखा होतो. कळस कुठला आणि पायरी कुठली, त्याला सगळं एकाच वेळी बघायचं असतं. काउंटरवर वायरी मागितल्या तर पलीकडचा माणूस भर गर्दीत ओरडला, ‘मेल-फीमेल चाहिए या फीमेल-फीमेल?’ मी मान वळवून समोरच्या पंख्याच्या दुकानाकडे बघू लागलो. मास्तर शांतपणे म्हणाला, ‘दोन्ही द्या. घरात असू द्यावं.’

वायरी जोडल्यावर पहिली परीक्षा अशी असते, की ट्यूनर आहे की नाही हे कॉम्प्युटरला विचारायचं. पडद्यावर सगळी रेघारेघांची रिकामी घरं येतात. ट्यूनर जागा असेल तर एका घरात ६० हा आकडा उमटतो. मास्तरनं बटण दाबलं आणि हाउझीत फुल हाउस लागल्यासारखा तो ओरडला, ‘साठ!’

‘अभिनंदन,’ मी म्हणालो.

‘पण हे साठ म्हणजे आपले साठ नाहीत. कॉम्प्युटर सोळाच्या पाढ्यात मोजतो. आपल्या हिशेबानं हे शहाण्णव.’

‘म्हणजे ट्यूनर शहाण्णवकुळी निघाला.’

तो हसला नाही. स्टेशन लागेपर्यंत तो हसत नाही.

‘हे बघ, आपल्याला एफएम गोल्ड लावायचंय. १००.७ मेगाहर्ट्झ. त्यात आधी २२५ किलोहर्ट्झ मिळवायचे.’

‘ते कशाला?’

‘बाहेरून स्टेशनची लहर येते. चिप तिच्याहून तेवढीच वरची स्वतःची एक लहर काढते, दोघींची वजाबाकी करते आणि जे उरतं त्यातून गाणं वेचते. तर मिळवले. आता आलं त्याला चारनं गुणायचं आणि ३२,७६८नं भागायचं.’

‘हे ३२,७६८ कुठून उपटलं?’

याच प्रश्नाची तो वाट बघत होता. त्यानं माझं मनगट धरलं आणि घड्याळावर टकटक केलं. ‘इथून! या घड्याळातलं क्वार्ट्झ सेकंदाला इतक्या वेळा थरथरतं. दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा अर्धं अर्धं करत गेलास की उरतो बरोबर एक सेकंद. तसलाच स्फटिक या ट्यूनरच्या पोटात आहे.’ मला खरोखर गंमत वाटली. तीस वर्षं मनगटावर बांधून हिंडतोय, कधी बोललं नाही ते घड्याळ.

उत्तर आलं १२,३२०. पण एका बाइटमध्ये २५५च्या वर मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करायचे, ४८ आणि ३२. मग आवाज चालू की बंद, शोध वर की खाली, स्टिरिओ की साधा, असल्या बारीकसारीक सूचनांचे आणखी तीन बाइट. एकूण पाच.

‘पाच बाइट पाठवले की लागलं!’

त्यानं एंटर दाबलं. स्पीकरमधून खसखस भाजल्यासारखा आवाज आला, मग चक्क सतार, मग तबला, मग बाईंचा जुना गोड आवाज. वहिनी चहा घेऊन आल्या. मी मांडी घातली, पाठ टेकली, डोळे मिटले.

‘लागलं ना? आता १०७.१ बघ,’ मास्तर म्हणाला, आणि सतार तोडून एफएम रेनबो सुरू झालं. तिथं बाई तापमान सांगत होत्या. कमाल सांगून झालं, किमान राहिलं. लगेच ९८.३. मग ९३.५. मग ९२.७. प्रत्येक ठिकाणी साधारण आठ सेकंद. त्या घरात मी आजवर हजारभर गाण्यांची सुरुवात ऐकली असेन. शेवट एकाचाही नाही. काही गाण्यांना अंतरा असतो हे मी आता विश्वासावर मानतो.

वहिनी पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत. एकेक गोष्ट चारचारदा सांगायची त्यांना सवय आहे. त्या म्हणाल्या, ‘अहो, माझ्या मोबाइलमध्ये एफएम आहे. इअरफोन खुपसला की लागतो.’

‘तो लागतो,’ मास्तर म्हणाला. ‘आपण लावत नाही.’

लागणं आणि लावणं यांतला हा फरक त्यानं ज्या गांभीर्यानं सांगितला, त्या गांभीर्यानं आमच्या शाळेत मराठीच्या बाईंनी प्रयोग शिकवला असता तर मला कर्मणी-भावे आजही पाठ असतं.

पुढचं पाऊल म्हणजे ट्यूनरनं स्टेशनं आपली आपण शोधायची. दोन रात्री मास्तर जागला. आकडे खालून वर, वरून खाली फिरले, स्टेशन एक नाही. तिसऱ्या रात्री बाराला माझी बेल वाजली. दारात तो, डोळे लाल, चेहऱ्यावर आनंद.

‘आपण जपानात होतो!’

झालं होतं असं. त्या पाच बाइटांत एक बिट असं असतं, की ते ‘एक’ केलं तर ट्यूनर जपानी पट्ट्यात शोधतो आणि ‘शून्य’ केलं तर आपल्याकडच्या. जपानी पट्टा ७६ ते ९१ मेगाहर्ट्झ. आणि आमच्या खिडकीत लागणारं सगळ्यात खालचं स्टेशन ९१.१. म्हणजे दोन रात्री तो ट्यूनर इमानेइतबारे टोकियोच्या गल्ल्यांतून हिंडत ९१पर्यंत यायचा आणि मुंबईच्या उंबरठ्यावरून, ०.१ मेगाहर्ट्झ अलीकडून, परत फिरायचा. ‘आत पाऊल टाकलं असतं तर सगळी ओळीनं उभी होती रे,’ मास्तर म्हणाला. त्याला त्या चिपची कीव आली होती.

स्टेशनं सापडली, पण खरखर जाईना. मग एरियल आलं. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर लांब, तिचा पाव हिस्सा ७५ सेंटिमीटर. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्यानं तांब्याची तार मापून कापली आणि गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला समांतर, टांगली. इथून घरातल्या धुण्याला शास्त्राचं स्वरूप आलं. ओली चादर तारेशेजारी आली की रेनबो दबतं. टॉवेल चालतो. साडी घडी घालून वाळत टाकली तर हरकत नाही, पण पूर्ण उलगडली की ९४.३ जातं. मास्तरनं याचा तक्ता केला आणि कपाटाला आतून चिकटवला. वहिनींनी तक्ता वाचला, एक अक्षर बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी भिजवल्या.

शेवटी तार गॅलरी सोडून गच्चीवर गेली. गच्ची सोसायटीची. संध्याकाळी नोटिस बोर्डावर कागद लागला: ‘गच्चीवर विनापरवाना वायर आढळली आहे. संबंधितांनी खुलासा करावा.’ संबंधित कोण हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत असताना ‘संबंधितांनी’ लिहिण्यात सेक्रेटरींना एक सरकारी आनंद मिळतो. त्यातच तळमजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं काडी टाकली. या हिरव्या पाटीच्या एका टाचणीला नुसती वायर लावली आणि एक प्रोग्रॅम चालवला तर ती स्वतःच एफएम स्टेशन होते, असं तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. पोरगं पुढं म्हणालं, ‘काका, आपण गल्लीचं स्टेशन काढू या ना!’

मास्तर एवढा चिडलेला मी कधी बघितला नव्हता. ‘खबरदार! विनापरवाना प्रक्षेपण म्हणजे गुन्हा. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यापासून, १९३३च्या वायरलेस कायद्यापासून. विमानांच्या फ्रीक्वेन्सी एफएमच्या डोक्यावरच सुरू होतात, माहितेय? आपण ऐकणारे. बोलणारे नाही.’

हे वाक्य त्यानं सर्वसाधारण सभेतही ऐकवलं. त्या सभेत १९ सभासद एकाच वेळी बोलत होते, पार्किंग, पाणी, बिल्डर, कबुतरं. सगळे ट्रान्समीटर, रिसीव्हर एकटा तोच. सेक्रेटरी म्हणाले, ‘अहो, पण तुमच्याकडे परवाना काय आहे?’ मास्तर उठला, घरी गेला आणि वडिलांच्या ट्रंकेतलं एक जीर्ण पुस्तक घेऊन आला. एके काळी घरात रेडिओ ठेवायलाही लायसन लागे. पोस्टात दरवर्षी पैसे भरायचे आणि या पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ती पद्धत गेली. सेक्रेटरींनी चष्मा लावून पानं उलटली. गोल शिक्के, फिकी तिकिटं, वडिलांची सही. कागद जुना, त्यावर शिक्का, त्यावर सही. मुद्दा काय होता तेच ते विसरले. ‘असं आधी दाखवायचं ना,’ म्हणाले आणि ठरावात ‘कागदपत्रे पाहिली’ अशी नोंद केली. तार गच्चीवर राहिली.

आता सगळं झालं होतं. घरच्या वायफायवरून मोबाइलवर एक पान उघडायचं, त्यावर स्टेशनांची बटणं, दाबलं की स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टेशन बदलणार. मास्तर ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी एकदा सगळी बटणं दाबून बघायचा. सगळी लागली की कान काढून घ्यायचा. वहिनी मला एकदा म्हणाल्या, ‘ह्यांना गाणं नको असतं. ह्यांना ते पोचलंय की नाही एवढंच हवं असतं. पोस्टमनसारखं. पत्र टाकतात, वाचत नाहीत.’

एवढ्यात काकू म्हणाल्या, ‘बरं, मला माझी अस्मिता लावून दे.’

काकूंचा एक ट्रान्झिस्टर होता, काकांनी घेतलेला, चामड्याच्या कव्हरातला. काका गेल्यावरही त्याचा काटा एका जागेवरून हलला नव्हता. सकाळी अभंग, बातम्या, शेतीचं काहीतरी, असं सगळं त्या अस्मिता वाहिनीवर ऐकत. मुलुंडात शेती नाही, पण कोकणातल्या भातावर कुठला रोग पडलाय हे काकूंना आमच्या आधी कळे. त्या ट्रान्झिस्टरच्या काट्याची दोरी सैल झाली आणि काटा घसरला. मुलाकडे एवढी मोठी यंत्रणा असताना दुरुस्तीला बाहेर कशाला टाकायचा, असा त्यांचा साधा हिशेब.

मास्तर हिरव्या पाटीपुढे नुसता उभा राहिला. अस्मिता मध्यम लहरींवर, ५५८ किलोहर्ट्झ. त्याचा ट्यूनर मेगाहर्ट्झमध्ये राहणारा, १०७.१ आणि ५५८ यांच्यात जवळजवळ १९२ पटींचं अंतर. पाच बाइट पाठवा नाही तर पन्नास, तो तिथवर उतरणारच नाही.

‘आई, ते यावर लागत नाही.’

‘जपान लागतं, आणि मालाड नाही लागत?’

काकूंना मालाड बरोबर ठाऊक होतं. आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे मालाडच्या मालवणीला आहेत हे काकांनी त्यांना कधीतरी दाखवलेलं. मास्तरनं मान खाली घातली. जिन्यात मी ‘काय, कसं काय?’ विचारलं तर ‘गेलं’सुद्धा म्हणाला नाही.

आठवडाभर त्यांच्या घरात रात्री दिवा होता. आधी त्यानं एरियलचा हिशेब मांडला. ५५८ची लहर सुमारे ५३७ मीटर, पाव हिस्सा १३४ मीटर. तेवढी तार टांगायची तर नवघर रोड दोन्ही बाजूंनी बंद करावा लागला असता. मग त्यानं काकांचा ट्रान्झिस्टर उघडला. आत बोटभर जाडीची फेराइटची काळी कांडी, तिच्यावर केसासारख्या तारेचे वेढे, आणि ते १३४ मीटरचं काम ती बिचारी कव्हरात बसून वर्षानुवर्षं करत होती. तिच्या शेजारी गँग. दुरुस्तीवाले कंडेन्सरला गँग म्हणतात. पातळ पत्र्यांचे दोन जुडगे, एक स्थिर, एक फिरतं; बटण फिरवलं की एकमेकांत शिरतात, बाहेर येतात, आणि स्टेशन बदलतं. यात बाइट नाही, भागाकार नाही. मास्तर बराच वेळ ते बटण फिरवत, पत्रे सरकताना बघत बसला होता, असं वहिनी सांगतात.

पण बघत बसणं त्याच्या रक्तात नाही. शनिवारी ‘ये, एक गंमत दाखवतो’ आलंच. ट्रान्झिस्टरच्या बटणावर एम-सीलनं एक निळी मोटर बसवली होती, नऊ ग्रॅमची, खेळण्यातल्या विमानाच्या शेपटीला असते तसली. मोटरच्या तीन वायरी हिरव्या पाटीला. ‘चिप ऐकत नाही ना? मग हातच करू,’ मास्तर म्हणाला. मोबाइलवर नवीन बटण होतं, त्यावर नुसतं ‘आई’. ते दाबलं की मोटर बटण फिरवणार आणि काटा ५५८वर नेऊन उभा करणार.

रविवारी सकाळी काकू खुर्चीवर बसल्या, पदर सावरून, कुणीतरी येणार असल्यासारख्या. मास्तरनं ‘आई’ दाबलं. मोटर कुरकुरली, काटा थरथरत सरकला आणि बरोबर जागेवर आला. आणि ट्रान्झिस्टरमधून आवाज आला: घर्रर्रर्र. गिरणीत जोंधळे पडल्यासारखा, मधे मधे कुणीतरी पलीकडच्या गावातून बोलल्यासारखं. मास्तरनं काटा केसभर इकडे केला, तिकडे केला. घर्रर्र तसंच. त्यानं मोटरला कागद लावला, वायरींना पीळ घातला, ॲडॅप्टर बदलला. घर्रर्र वाढलं.

काकू बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘ते हिरवं बंद कर बघू.’

‘आई, ते बंद केलं तर मोटर...’

‘तू कर तर.’

त्यानं बंद केलं. घर्रर्र जागच्या जागी थांबलं आणि खोलीत स्वच्छ, कोरा, जवळचा आवाज आला. बातम्या सुरू होत्या. तो कॉम्प्युटर, त्याचा ॲडॅप्टर आणि ती मोटर, तिघं मिळून मध्यम लहरींत इतका कचरा फेकत होते की मालवणीचा एवढा थोरला मनोरा मुलुंडच्या एका टेबलाला हार गेला होता. मास्तरला हे पुस्तकातून पाठ होतं. काकूंना ते कानानं कळलं.

आवाज आला तसा दहा सेकंदांत बुडायला लागला. मोटरची पकड सुटली होती, दोरी सैलच होती, काटा हळूहळू ओघळत चालला होता. मास्तरनं पुढं वाकून दोन बोटांनी बटण धरलं. आवाज परत आला. सोडलं, गेला. धरलं, आला.

मी दारातच होतो. त्याच्या चेहऱ्यावर मला फेराइटच्या रिंगा, पत्र्याची पेटी, लॅमिंग्टन रोड, दादरला बदलायची गाडी, सगळं एकामागून एक सरकताना दिसलं. आठ सेकंद होऊन गेले. तो उठायला लागला.

‘हलू नकोस,’ काकू म्हणाल्या.

तो परत बसला. बातम्या संपल्या. हवामान आलं, कमालही आणि किमानही. मग एक अभंग लागला, पेटी, टाळ, आणि दुसऱ्या कडव्याला पखवाज. वहिनी चहा घेऊन आल्या आणि काही न विचारता कप त्याच्या डाव्या हातात दिला. मला बघून त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. वजाबाकीचं असावं, नाही तर पत्र्याच्या पेटीचं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यानंही बोट केसभर सरकलं आणि अभंगात खरखर आली.

काकूंनी डोळे न उघडता हात वर केला.

‘तसाच बस. लागलंय.’